रोमन चांदीच्या नाण्यावरचा देव कसा ओळखायचा: नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी

रोमन दिनारियस, म्हणजे रोमचं चांदीचं नाणं, हातात आलं की नजर आधी अक्षरांकडे जाते. ती झिजलेली असतात, एकमेकांना चिकटलेली असतात, अर्धी तर नाण्याच्या बाहेरच गेलेली असतात. भाषा लॅटिन, आणि शब्दही तोडून लिहिलेले. नव्या माणसाचा उत्साह तिथेच मावळतो. म्हणून माझं पहिलं सांगणं असं: अक्षरं सर्वांत शेवटी वाचा, आधी देवाच्या हातात काय आहे ते बघा. देवळात शिरल्यावर आपण मूर्ती अशीच ओळखतो. शंख-चक्र दिसलं की विष्णू, गदा आणि शेपटी दिसली की मारुती, बाहेर नंदी बसलेला असला की आत महादेव. आयुधं आणि वाहनं वाचायची ही सवय आपल्याला लहानपणापासून असते आणि रोमन नाण्यांवर ती फार कामाला येते.

दुसरं सांगणं: देवाचं नाव कळलं म्हणजे काम संपलं असं समजू नका. ज्याने ते नाणं पाडलं त्याने नेमका हाच देव का निवडला, हे शोधण्यात या छंदाची खरी गोडी आहे. सातव्या पायरीत त्याबद्दल सविस्तर लिहिलं आहे.

जवळ काय हवं

- ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा छोटा डिजिटल काटा
- दहापट मोठं दाखवणारं भिंग, सराफ वापरतात तसं
- व्यास मोजायला व्हर्नियर कॅलिपर. प्लॅस्टिकचा असला तर उत्तम, नाण्यावर ओरखडा उठत नाही
- एका बाजूने प्रकाश पाडता येईल असा टेबललॅम्प
- वही, आणि दोन्ही बाजूंचे स्पष्ट फोटो
- नाणं तुमचं स्वतःचं असेल तर खरेदीची पावती

सोबत एक कडक सूचना. नाणं घासू नका. चिंच, राख, टूथपेस्ट, देवाची भांडी घासायची पावडर, यातलं काहीही लावू नका. चांदीवर शतकानुशतकं चढलेला काळपट थर तिचं रक्षण करतो, आणि घासलेल्या नाण्याची किंमत एका दुपारीत अर्ध्यावर येते. नाणं नेहमी कडेला धरा. मऊ, वासाच्या प्लॅस्टिकच्या पाकिटात ठेवू नका. त्यातला पदार्थ सुटून नाण्यावर हिरवट चिकट थर धरतो. आम्लविरहित कागदी पाकीट चांगलं.

## १. वजन आणि व्यास घ्या

देव ओळखायच्या आधी नाणं कोणत्या काळातलं आहे याचा अंदाज हवा, आणि तो वजनावरून येतो.

दिनारियस सुरू झालं इ. स. पू. २११ च्या सुमारास, कार्थेजचा सेनापती हॅनिबल याच्याशी चाललेल्या युद्धात. तेव्हा एका रोमन पौंड चांदीत ७२ नाणी पाडत, म्हणजे एकेक नाणं साधारण ४.५ ग्रॅमचं. थोड्याच काळात ते पौंडाला ८४ वर आलं, म्हणजे सुमारे ३.९ ग्रॅम. इ. स. ६४ मध्ये नीरोने ते ९६ वर आणलं, म्हणजे ३.४ ग्रॅमच्या आसपास, आणि चांदीत भेसळही वाढवली. पुढच्या सम्राटांनी तेच चालू ठेवलं. सेप्टिमियस सेव्हेरसच्या काळात नाण्यात जेमतेम निम्मी चांदी उरली होती.

व्यास बहुधा १७ ते २० मिलिमीटर भरतो. नाणं त्याहून मोठं, वजन पाच ग्रॅमच्या आसपास आणि सम्राटाच्या डोक्यावर किरणांचा मुकुट असेल, तर ते दिनारियस नाही. ते सम्राट कॅराकलाने इ. स. २१५ मध्ये काढलेलं अँटोनिनियानस. राणीच्या बाबतीत किरणांऐवजी खांद्यांखाली चंद्रकोर असते. तिसऱ्या शतकाच्या उत्तरार्धात या नाण्यात चांदी पाच टक्क्यांच्याही खाली गेली होती, वर नुसता मुलामा. तांबूस दिसलं म्हणून लगेच नकली ठरवू नका.

कडेला करवतीसारखे दाते दिसले तरी घाबरू नका. प्रजासत्ताकाच्या, म्हणजे सम्राट येण्याआधीच्या, काळात काही दिनारियस मुद्दाम दाते पाडूनच काढत. जर्मन टोळ्यांना हीच दातेरी नाणी आवडत, असं रोमन इतिहासकार टॅसिटसने लिहून ठेवलं आहे.

## २. पुढची बाजू: देव की माणूस?

साधारण नियम असा. प्रजासत्ताकाच्या काळात पुढच्या बाजूला देव असतो. साम्राज्याच्या काळात पुढे सम्राट किंवा त्याच्या घरातली व्यक्ती, आणि देव मागे जातो. हा बदल घडताना आपल्याला नेमका पाहता येतो: इ. स. पू. ४४ च्या सुरुवातीला ज्युलियस सीझर जिवंत असतानाच रोमच्या टांकसाळीने त्याचा चेहरा दिनारियसवर घातला. मागे होती प्रेमाची देवी व्हीनस, हातावर विजयदेवता घेऊन उभी. त्याच वर्षी १५ मार्चला त्याचा खून झाला.

सर्वांत जुन्या दिनारियसवर पंखांचं शिरस्त्राण घातलेलं स्त्रीचं डोकं असतं. ही रोमा, शहराची देवता. मागे भाले रोखून दौडणारे दोन घोडेस्वार आणि त्यांच्या डोक्यांवर एकेक तारा. हे कॅस्टर आणि पोलक्स, जुळे भाऊ. कित्येक दशकं हीच जोडी चालली, त्यामुळे तुमच्यासमोर येणाऱ्या जुन्या नाण्यांत ती दिसण्याची शक्यता बरीच आहे. डोक्यामागे एक्स अक्षर असेल तर ती किंमत: दहा आस. आस म्हणजे रोमचं काशाचं नाणं. इ. स. पू. १४१ च्या सुमारास दिनारियसची किंमत सोळा आस केली, तेव्हा काही नाण्यांवर सोळाचा आकडाही आला.

पुढच्या बाजूला देवाचं नुसतं डोकं असेल तर डोक्यावर काय आहे ते पाहा. लॉरेलच्या पानांची माळ आणि दाढी असेल तर ज्युपिटर, देवांचा राजा. माळ तीच, पण चेहरा कोवळा आणि दाढी नसेल तर अपोलो. द्राक्षाच्या किंवा आयव्हीच्या वेलीची माळ असेल तर लिबेर, म्हणजेच मद्याचा देव बॅकस. धान्याच्या कणसांची माळ सेरेसची, पिकांच्या देवीची. सिंहाचं कातडं डोक्यावरून ओढलेलं असेल तर हर्क्युलिस. पंखांची टोपी मर्क्युरीची. शिंगांसकट बकरीचं कातडं डोक्यावर असेल तर जुनो सोस्पिता, लानुवियम गावची संरक्षक जुनो. मानेमागे त्रिशूळ दिसला तर नेपच्यून, आणि सांडस दिसली तर व्हल्कन, देवांचा लोहार.

इथे एक सापळा आहे. अपोलोचे केस लांब, बटा खांद्यावर आणि चेहरा नाजूक, त्यामुळे नवे लोक त्याला सर्रास देवी ठरवतात. कानात कुंडल आणि गळ्यात माळ आहे का ते भिंगातून पाहा. दागिना असेल तर देवी.

## ३. मागची बाजू: हातात काय, पायाशी काय, रथाला काय

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. दिवा एका बाजूला सरकवा म्हणजे झिजलेल्या उठावाची सावली पडेल. मग ठरलेल्या क्रमाने पाहा: आधी उजवा हात, मग डावा, मग पाय, शेवटी डोकं.

ज्युपिटरच्या हातात वज्र असतं. आपल्या इंद्राचं आठवलं तर चालेल, पण आकार वेगळा: मध्ये मूठ आणि दोन्ही टोकांना ज्वाळा. दुसऱ्या हातात राजदंड, पायाशी गरुड. कधी त्याच्यापुढे एक चिमुकला माणूस उभा असतो, तो सम्राट. ज्युपिटर त्याचं रक्षण करतो आहे. जुनोच्या हातात उथळ ताटली आणि राजदंड, डोक्यावर पदर आणि पायाशी मोर. मोर पाहून आपल्या मनात सरस्वती किंवा कार्तिकेय येतो; रोममध्ये तो देवांच्या राणीचा पक्षी.

मिनर्व्हा शिरस्त्राण, भाला आणि ढाल घेऊन उभी असते, छातीवर सापांची किनार असलेलं कवच आणि कधी जवळ घुबड. युद्धदेव मार्सही शिरस्त्राण आणि भाला घेतो, पण तो पुरुष आहे, बहुधा उघडा, आणि खांद्यावर शत्रूची शस्त्रं बांधलेला विजयस्तंभ घेऊन झपाझप चालत असतो. त्याच्या हातात ऑलिव्हची फांदी दिसली तर तो शांती आणणारा मार्स.

व्हीनस सफरचंद धरते किंवा खांबाला टेकून, पाठ आपल्याकडे करून, हातातल्या शिरस्त्राणाकडे बघत उभी असते. डायनाकडे धनुष्य, भाता आणि शिकारी कुत्रा. अपोलोकडे लायर नावाचं तंतुवाद्य किंवा लॉरेलची फांदी. मर्क्युरीच्या एका हातात पैशांची थैली, दुसऱ्या हातात दोन साप गुंडाळलेली काठी. एस्क्युलेपिअस या वैद्यदेवाच्या जाड काठीला एकच साप असतो. साप एक की दोन, एवढ्यावरून देव बदलतो.

नेपच्यून त्रिशूळ आणि डॉल्फिन घेऊन एक पाय जहाजाच्या नाळेवर ठेवतो. सेरेसच्या हातात कणसं आणि लांब मशाल. चुलीची देवी वेस्टा पदर घेते आणि हातात तीर्थाच्या पळीसारखी लांब दांड्याची पळी किंवा मिनर्व्हाची छोटी मूर्ती धरते. सॅटर्नचा विळा आतल्या बाजूला एक दात असलेला. लिबेरच्या हातात पेला, टोकाला पाइनचं फळ लावलेली काठी आणि पायाशी चित्ता. सोल, म्हणजे सूर्य, किरणांचा मुकुट घालून उजवा हात उंचावतो. डोक्यावर पायलीसारखं धान्याचं माप ठेवलेला दाढीवाला देव दिसला तर तो इजिप्तहून आलेला सेरापिस. दोन बाजूंना सिंह आणि डोक्यावर तटबंदीचा मुकुट असेल तर सिबेली, आशिया मायनरची महामाता.

आता रथ. प्रजासत्ताकाच्या दिनारियसवर रथ फार येतात आणि नवखा माणूस सगळ्यांना ‘रथातली देवी’ म्हणून सोडून देतो. तसं करू नका. रथाला काय जुंपलं आहे ते बघा. घोडे असतील तर विजयदेवता, चंद्रदेवी लुना, ज्युपिटर कोणीही असू शकतं. पण जनावर वेगळं असलं तर उत्तर जवळजवळ हातातच आलं. हरणं असतील तर डायना. सिंह असतील तर सिबेली, जसं नाणी पाडणाऱ्या वोल्टेइयस या अधिकाऱ्याने इ. स. पू. ७८ मध्ये दाखवलं. पंखांचे साप असतील तर सेरेस. बकऱ्या असतील तर जुनो, रेनियसचं इ. स. पू. १३८ चं नाणं असं आहे. अर्धा माणूस अर्धा घोडा असे दोन सेंटॉर असतील तर हर्क्युलिस. दोन चिमुकले पंखवाले मदन रथ ओढत असतील तर व्हीनस. हे नाणं सीझर घराण्यातल्याच एका लुसियसने इ. स. पू. १०३ मध्ये काढलं. मागे माशाची शेपटी असलेले घोडे असतील तर नेपच्यून. ही यादी मला रोमन नाण्यांतला सर्वांत देखणा भाग वाटते. वेळ काढून या नाण्यांचे मोठे फोटो जरूर पाहा.

## ४. ही देवी आहे की गुण?

साम्राज्याच्या काळात नाण्यामागे उभ्या किंवा बसलेल्या बाईचं चित्र दिसलं तर ती जुनो-मिनर्व्हापैकी असेलच असं नाही. रोमन लोकांनी शांती, समता, आरोग्य, आशा अशा गुणांनाही देवीचं रूप दिलं होतं. यांतल्या अनेकींची देवळंही होती.

बहुतेकींच्या एका हातात समृद्धीचं शिंग असतं, फळाफुलांनी भरलेलं. त्यावरून काहीच ठरत नाही, म्हणून दुसरा हात पाहा. ऑलिव्हची फांदी असेल तर पाक्स, शांती. सुकाणू असेल तर फोर्तुना, दैव. तराजू असेल तर एक्विटास, समता. दोन सापांची काठी असेल तर फेलिसिटास, सुखसमाधान. कणसं हातात आणि पायाशी धान्याचं माप असेल तर अन्नोना, रोमच्या धान्यपुरवठ्याची देवी. हिशेबाची पाटी असेल तर लिबेरालिटास, सम्राटाचं औदार्य.

शिंगाविना येणाऱ्याही आहेत. सालुस ताटलीतून सापाला खाऊ घालते, ही आरोग्याची. स्पेस, म्हणजे आशा, एका हातात फूल धरते आणि दुसऱ्या हाताने झग्याची कड उचलून चालत असते. लिबेर्तासच्या हातात गुलामगिरीतून सुटलेल्याची टोपी. व्हिक्टोरियाला पंख, हातात पानांची माळ आणि खजुराची फांदी.

गोंधळाच्या जोड्या इथे सांगून ठेवतो. एक्विटास आणि टांकसाळीची देवी मोनेता दोघींकडे तराजू आणि शिंग. चित्रावरून फरक करता येत नाही, अक्षरंच वाचावी लागतात. फेलिसिटासची काठी मर्क्युरीसारखीच, पण ती स्त्री आहे. रोमा आणि मिनर्व्हा दोघींना शिरस्त्राण. रोमा बहुधा ढाली-चिलखतांच्या ढिगावर बसते आणि हातावर विजयदेवतेची मूर्ती घेते. व्हिर्तुस, म्हणजे शौर्य, पाहून मार्स वाटतो, पण ती बहुधा आखूड झगा घातलेली स्त्री असते.

## ५. आता अक्षरं वाचा

चित्रावरून अंदाज बांधलेला असला की अक्षरं वाचणं सोपं जातं. सम्राटांच्या नाण्यांवर लेख बहुतेक वेळा डाव्या बाजूला खालून सुरू होतो आणि घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरतो. शब्दांमध्ये जागा नसते. यू अक्षर नाही, त्याजागी व्ही. जे नाही, त्याजागी आय.

पुढच्या बाजूचे नेहमीचे तुकडे पाठ करून टाका. आय-एम-पी म्हणजे इम्पेरातोर, सम्राटाची पदवी. ए-व्ही-जी म्हणजे ऑगस्टस. पी-एम म्हणजे पोन्तिफेक्स माक्सिमुस, मुख्य पुरोहित. टी-आर-पी म्हणजे त्रिबुनाचे, म्हणजे लोकांच्या प्रतिनिधीचे, अधिकार. हे दर वर्षी नव्याने मिळत, म्हणून त्यापुढचा आकडा म्हणजे वर्ष काढायची किल्ली. सी-ओ-एस म्हणजे कॉन्सल, रोमचा सर्वोच्च अधिकारी, किती वेळा झाला त्याच्या आकड्यासह. मागच्या बाजूला ए-व्ही-जीमधलं शेवटचं जी दोनदा आलं तर त्या वेळी दोन सम्राट होते, तीनदा आलं तर तीन.

देवाचं नाव मागच्या बाजूला बहुधा ‘अमक्या देवाला’ अशा रूपात येतं आणि त्यामुळे शब्द बदलतो. ज्युपिटर शोधत बसाल तर सापडणार नाही, कारण तिथे ‘इओवी’ लिहिलेलं असतं. मार्सचं ‘मार्ती’, व्हीनसचं ‘वेनेरी’, हर्क्युलिसचं ‘हेर्कुली’. नावापुढे बिरुद येतं: ‘विक्त्रिक्स’ म्हणजे जिंकणारी, ‘उल्तोर’ म्हणजे सूड घेणारा, ‘कोन्सेर्वातोर’ म्हणजे रक्षणकर्ता. हे बिरुद नीट टिपून ठेवा, पुढच्या पायरीत त्यावरूनच नेमकं नाणं सापडतं.

## ६. क्रमांक शोधा

नाणं ओळखलं असं तेव्हाच म्हणायचं, जेव्हा त्याचा सूचीतला क्रमांक हाती लागतो. प्रजासत्ताकाच्या नाण्यांना मायकेल क्रॉफर्ड यांच्या १९७४ च्या सूचीतले क्रमांक वापरतात, सम्राटांच्या नाण्यांना ‘रोमन इम्पीरियल कॉइनेज’ या अनेक खंडांच्या सूचीतले. या जाडजूड पुस्तकांच्या मागे लागायची गरज नाही. अमेरिकन न्युमिस्मॅटिक सोसायटीने दोन्ही सूच्या इंटरनेटवर मोफत खुल्या केल्या आहेत. ‘ओसीआरई’ साम्राज्यासाठी, ‘सीआरआरओ’ प्रजासत्ताकासाठी. तिथे सम्राट किंवा अधिकारी, नाण्याचा प्रकार आणि देवता असे रकाने निवडता येतात. ‘दिनारियस’ आणि ‘मिनर्व्हा’ निवडा, मग समोर आलेले फोटो तुमच्या नाण्याशी ताडून पाहा. लेखातलं एखादं अक्षर वेगळं असलं तरी क्रमांक बदलतो, म्हणून इथे घाई नको.

## ७. हाच देव का?

प्रजासत्ताकात नाणी पाडायचं काम दर वर्षी नेमलेल्या तीन तरुण अधिकाऱ्यांकडे असे. राजकारणात नुकतीच पावलं टाकणारी ही घरंदाज मुलं. नाण्यावर काय यावं यात त्यांचं चालायला लागलं तसा प्रत्येकाने आपल्या कुळाचा मोठेपणा त्यावर घातला. ज्युलियस घराणं स्वतःला व्हीनसचे वंशज म्हणवी: व्हीनसचा मुलगा एनियस, त्याचा मुलगा युलुस, आणि त्याच्यापासून ज्युलियस. सीझरच्या इ. स. पू. ४७-४६ च्या दिनारियसवर पुढे व्हीनसचं डोकं आहे आणि मागे जळत्या ट्रॉयमधून म्हाताऱ्या वडिलांना खांद्यावर घेऊन निघालेला एनियस. चार ग्रॅमच्या नाण्यावर अख्खी वंशावळ.

मामिलियस लिमेतानुसचं इ. स. पू. ८२ चं नाणं मला याहूनही आवडतं. पुढे मर्क्युरी. मागे काठी टेकत घरी आलेला ग्रीक कथांमधला वीर ओडिसियस, आणि त्याला ओळखून मान वर केलेला त्याचा म्हातारा कुत्रा आर्गोस. मामिलियस घराणं आपलं मूळ ओडिसियसच्या मुलाकडे नेत असे, आणि मर्क्युरी हा ओडिसियसच्या आईकडचा पूर्वज. म्हणजे दोन्ही बाजू एकाच कुळाच्या. त्यात हे नाणं दातेरी कडेचं, त्यामुळे हातात घेतल्याक्षणी ओळखू येतं.

कधी कारण साधं, नावाशी जुळणारं असतं. पोम्पोनियस मुसा या अधिकाऱ्याने नऊच्या नऊ म्युझेस, कलांच्या देवता, वेगवेगळ्या दिनारियसवर आणल्या. सॅटुर्निनुसने सॅटर्न घातला. थोरियस बाल्बुसने इ. स. पू. १०५ मध्ये बकरीचं कातडं घातलेली जुनो सोस्पिता घातली, कारण तो लानुवियमचा.

प्रजासत्ताकाच्या अखेरीला आणि पुढे सम्राटांच्या काळात दावा कुळापुरता राहत नाही, सत्तेचा होतो. सीझरचा प्रतिस्पर्धी पॉम्पे याचा मुलगा सेक्स्टस पॉम्पे समुद्रावर राज्य करत होता आणि स्वतःला नेपच्यूनचा मुलगा म्हणवत होता. त्याच्या नाण्यांवर नेपच्यून येणारच. पहिला सम्राट ऑगस्टस याने इ. स. पू. ३१ च्या अ‍ॅक्टियमच्या समुद्री लढाईतल्या विजयाचं श्रेय अपोलोला दिलं. सम्राट डोमिशियनची मिनर्व्हावर इतकी भक्ती की त्याच्या दिनारियसवर वर्षानुवर्षं तीच येते, चार ठरलेल्या रूपांत: भाला उगारून पुढे धावणारी, जहाजाच्या नाळा जोडलेल्या खांबावर उभी, सोबत घुबड, वज्र आणि भाला घेतलेली, आणि नुसता भाला घेतलेली. सुरुवात करायला डोमिशियन फार चांगला, कारण चार चित्रं ओळखली की उरलेलं काम आकड्यांचं.

सम्राट कॉमोडसने स्वतःच सिंहाचं कातडं पांघरून हर्क्युलिस म्हणून चेहरा काढून घेतला. सम्राट एलागाबालुसने सीरियातल्या एमेसा गावच्या सूर्यदेवाची काळी शिळा चार घोड्यांच्या रथात बसवून रोमच्या नाण्यावर आणली. तांदळ्याला हात जोडणाऱ्या आपल्या माणसांना त्या चित्रात नवल वाटायला नको, रोमन लोकांना मात्र ते पचलं नाही.

राण्यांच्या नाण्यांवर जुनो, व्हीनस, सेरेस आणि वेस्टा यांचा भरणा असतो. थोरली फॉस्टिना गेल्यावर तिचा नवरा सम्राट अँटोनायनस पायसने तिच्या नावाने भरपूर दिनारियस काढले; त्यांतल्या काहींवर फक्त एक मोर आहे. राणी देवपदाला गेली की जुनोचा मोर तिला वर नेतो, सम्राटाला ज्युपिटरचा गरुड.

## ८. खोट्यापासून सावध

खोट्या नाण्यांचे दोन प्रकार आहेत. पहिला प्राचीनच: आत तांबं, वर चांदीचा पत्रा. त्या काळातल्या लबाडांनी केलेलं हे काम. त्याचं वजन कमी भरतं आणि पत्रा फुटलेल्या जागी आतलं तांबं हिरवं पडलेलं दिसतं. संग्राहक अशीही नाणी ठेवतात, फक्त किंमत त्या हिशेबाने द्यावी.

दुसरा प्रकार आजचा. ओतलेल्या नाण्याच्या कडेवर साच्याची रेघ दिसते किंवा ती घासून काढल्याच्या खुणा दिसतात. पृष्ठभागावर बारीक बुडबुडे आणि अक्षरांच्या कडा साबणासारख्या गुळगुळीत. खरं नाणं हातोड्याने ठोकलेलं, त्यामुळे प्रत्येकाचा काठ, चीर आणि झीज वेगळी. दोन नाण्यांची बाह्यरेषा आणि ओरखडे तंतोतंत जुळले तर दोन्ही सोडा. सीझरच्या मारेकऱ्यांपैकी ब्रूटसचं दोन कट्यारी आणि टोपी असलेलं नाणं फार दुर्मीळ आणि फार प्रसिद्ध, म्हणून त्याच्या नकला जिथे तिथे दिसतात. कोणी स्वस्तात देत असेल तर विचारसुद्धा करू नका.

## ९. कायदा आणि कागदपत्रं

शंभर वर्षांहून जुनं नाणं १९७२ च्या पुरावशेष व बहुमूल्य कलाकृती कायद्याखाली पुरावशेष ठरतं. त्याचा धंदा करणाऱ्याकडे परवाना लागतो. खरेदीआधी तो पाहायला मागा, त्यात संकोच नको. परदेशात राहणाऱ्यांनी ही गोष्ट पक्की लक्षात ठेवावी: भारतात घेतलेलं किंवा वाडवडिलांकडून आलेलं असं नाणं खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. सामानात टाकून नेऊ नका.

शेतात किंवा घर पाडताना नाणी सापडली तर १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. इंग्लंड-वेल्समध्ये राहणाऱ्या मंडळींसाठी: तीनशे वर्षांहून जुनी दोन किंवा जास्त चांदीची नाणी एकाच जागी सापडली तर चौदा दिवसांत कळवणं बंधनकारक आहे.

पावतीवर सम्राट, प्रकार, वजन, सूची क्रमांक आणि विक्रेत्याची सही असावी. नाणं आधी कोणाच्या संग्रहात होतं याचा कागद असेल तर तो नाण्याइतकाच जपा.

## १०. विकत न घेता शिका

सुरुवातीला काहीही विकत घेऊ नका, आधी बघा. नाशिकजवळ अंजनेरीला नाणेशास्त्र संशोधनाची संस्था आणि तिचं संग्रहालय आहे. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचं नाण्यांचं दालन आहे आणि फोर्टमध्ये रिझर्व्ह बँकेचं नाणेसंग्रहालय. रोमन नाण्यांसाठी मात्र चेन्नईचं एग्मोर संग्रहालय गाठावं, कारण भारतातले रोमन चांदीचे मोठे साठे दक्षिणेत सापडले. त्यांत दोन नाणी पुन्हा पुन्हा येतात. एकावर ऑगस्टसचे नातू गायस आणि लुसियस ढाली-भाले घेऊन उभे. दुसरं टायबेरियसचं, मागे राजदंड आणि फांदी घेऊन बसलेली स्त्री. तिच्या शेजारी नाव नाही. कोणी तिला शांतिदेवता म्हणतं, कोणी शांतीच्या रूपातली राजमाता लिव्हिया. या दोन नाण्यांच्या स्थानिक नकलाही इथे झाल्या. नीरोने चांदी कमी केल्यानंतरची दिनारियस मात्र भारतात फारच कमी मिळतात. इथल्या व्यापाऱ्यांना धातूची पारख होती.

लंडनमध्ये असाल तर ब्रिटिश म्युझियमचं ६८ नंबरचं दालन पैशाच्या इतिहासाचं आहे. आणि कोल्हापूरला गेलात तर टाऊन हॉल संग्रहालयात ब्रह्मपुरीच्या उत्खननात मिळालेली पोसायडनची छोटी कांस्यमूर्ती पाहा. पोसायडन म्हणजे रोमनांचा नेपच्यून. आधी पाटी वाचू नका. तिसऱ्या पायरीतल्या क्रमाने हात, पाय आणि डोकं पाहून घ्या, आणि मग पाटीशी ताडून पाहा.